रुग्णालयात खोली निवडण्यापूर्वी : आमच्या मेडिक्लेम ग्राहकांसाठी

“विमा पाच लाखांचा आहे, बिल अडीच लाखांचेही झालेले नाही, मग कंपनीने एवढी रक्कम का कापली?” हा प्रश्न आमच्या कार्यालयात वारंवार विचारला जातो आणि तोही बहुतेक वेळा डिस्चार्जच्या दिवशी. त्या वेळी आमच्या हाती फारसे काही उरत नाही, कारण ही कपात दाखल होताना घेतलेल्या खोलीमुळे ठरलेली असते.

अनेक पॉलिसींमध्ये, विशेषतः जुन्या पॉलिसींमध्ये, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का प्रतिदिन, म्हणजे पाच लाखांवर ५,००० रुपये असते. ८,००० रुपयांची खोली घेतल्यास रोजचे वरचे ३,००० रुपये भरले की झाले, असा समज सर्वत्र आढळतो आणि तोच महागात पडतो. समजा, चार दिवसांचे खोलीभाडे ३२,००० रुपये, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर व नर्सिंग मिळून १,६०,००० रुपये आणि औषधे व तपासण्या ४०,००० रुपये झाल्या. खोलीच्या वर्गानुसार बदलणारे हे १,६०,००० रुपयेही कंपनी ८,००० पैकी ५,००० याच प्रमाणात, म्हणजे १,००,००० रुपये, मान्य करते. परिणामी १२,००० रुपयांची तयारी ठेवलेल्या कुटुंबाला ७२,००० रुपये भरावे लागतात.

बऱ्याच रुग्णालयांत वरच्या वर्गाच्या खोलीतील रुग्णाला त्याच शस्त्रक्रियेचा दर अधिक लागतो, म्हणून हा नियम आहे. मात्र औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे शुल्क यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. तसेच जेथे खोलीनुसार दर बदलत नाहीत, त्या रुग्णालयातही ती लागू होत नाही. तरीही कपात झाली असेल, तर कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी हरकत घ्यावी आणि तेथे न्याय न मिळाल्यास विमा लोकपालांकडे जावे. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, पुणे व ठाणे येथे आहेत. हा अर्ज आम्ही तयार करून देतो.

दाखल होण्यापूर्वी फोन करावा, ठरलेली शस्त्रक्रिया असल्यास रुग्णालयाचे अंदाजपत्रक आम्हाला पाठवावे, असा आमचा आग्रह काहींना अनावश्यक वाटतो. परंतु खोलीचा वर्ग त्याच क्षणी बदलता येतो, नंतर नाही. म्हणून आम्ही हा आग्रह सोडणार नाही. यासाठी आम्ही वेगळे शुल्क घेत नाही.

खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसी आज उपलब्ध आहेत. त्यांचा हप्ता काहीसा जास्त असतो, तरी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नसल्याने हा बदल पूर्वीपेक्षा परवडणारा झाला आहे. पोर्टिंग केल्यास, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेल्यास, जुन्या विमा रकमेपुरता पूर्ण झालेला प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात ठरावीक आजारांचा खर्च मिळत नाही) वाया जात नाही. मात्र त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान ४५ दिवस अर्ज द्यावा लागतो आणि नवी कंपनी तो नाकारूही शकते, म्हणून तिची मंजुरी हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नये. आपल्या पॉलिसीतील मर्यादा तपासून घ्यायची असल्यास नूतनीकरणाच्या दोन महिने आधी या आणि येताना केवळ कार्ड किंवा हप्त्याची पावती न आणता अटींसह संपूर्ण पॉलिसी आणा.