ओरिजिनल की जेन्युइन? व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ताडपत्रीवर, गंजक्या पान्यांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या मध्ये, एक लाल घडीचा चाकू पडला होता. पांढरा क्रॉस दिसला म्हणून मी उकिडवा बसलो. हात लावायच्या आतच विकणारे काका म्हणाले, "ओरिजिनल आहे साहेब, स्विस." मोठं पातं उघडलं. बुंध्याशी बारीक अक्षरांत कोरलेलं होतं, वेंगर. म्हणजे काकांचं बरोबरही होतं आणि चूकही. माल अस्सल होता, पण 'ओरिजिनल' नव्हता. 'जेन्युइन' होता.

आपल्या बाजारात या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, 'डुप्लिकेट नाही'. स्विस चाकूंच्या दुनियेत मात्र ते शब्द दोन घरांनी आपसात वाटून घेतले होते. 'ओरिजिनल स्विस आर्मी नाइफ' म्हणायचं ते व्हिक्टोरिनॉक्सनं आणि 'जेन्युइन स्विस आर्मी नाइफ' म्हणायचं ते वेंगरनं. त्यामुळे एखाद्याच्या हातात वेंगर पाहून "अरे, हा व्हिक्टोरिनॉक्स नाही, म्हणजे नकली" असं कुणी म्हणालं की मला अजूनही गप्प बसवत नाही.

गोष्ट श्वीत्स परगण्यातल्या इबाख गावात सुरू होते. कार्ल एल्झनरनं १८८४ साली तिथे सुऱ्या-चाकूंचा कारखाना काढला. स्विस सैन्याला तेव्हा शिपायांसाठी एक घडीचा चाकू हवा होता. जेवताना डबा उघडता यावा आणि नव्या रायफलीचे स्क्रूही सोडवता यावेत, एवढी अपेक्षा. पण १८९० चं ते मॉडेल लागेल तेवढ्या संख्येनं बनवण्याची ताकद एकाही स्विस कारखान्यात नव्हती, म्हणून पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. स्विस सैन्याचा पहिला चाकू जर्मन होता, हे स्विस माणसाला फार आवडत नसावं. एल्झनरनं देशातल्या चाकूवाल्यांना एकत्र आणून १८९१ मध्ये स्वतः पुरवठा सुरू केला आणि त्यात तो जवळजवळ बुडाला. जर्मन माल स्वस्त पडत होता.

त्याला तारलं ते १८९७ साली नोंदवलेल्या 'अधिकाऱ्यांच्या चाकू'नं. हा चाकू सैन्यानं कधी वाटलाच नाही. अधिकाऱ्यांनी आपल्या पैशानं घेतला. त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. साध्या घडीच्या चाकूत पाठीशी एक पोलादी पट्टी असते. ती पात्याच्या बुंध्यावर दाब देते, त्यामुळे पातं उघडताना आणि मिटताना 'खट्' होतं. एल्झनरनं त्याच पट्टीचा दाब दोन्ही अंगांना वापरला. पोटाशी पातं आणि डबा उघडणी, पाठीशी बुचाचा स्क्रू. दोन पट्ट्यांवर सहा हत्यारं बसली आणि वजनही फार वाढलं नाही. आज खिशात असतो तो लाल चाकू या अधिकाऱ्यांच्या चाकूचा वंशज, शिपायाच्या चाकूचा नव्हे. शिपायाच्या चाकूला बुचाचा स्क्रू कधीच नव्हता. वाइन अधिकाऱ्यांनी प्यायची, असा हिशेब असावा.

एल्झनरच्या आईचं नाव व्हिक्टोरिया. १९०९ मध्ये ती गेल्यावर एल्झनरनं ते नाव कारखान्याला दिलं. १९२१ च्या सुमारास न गंजणारं पोलाद आलं, त्याचा 'इनॉक्स' मागे जोडला आणि व्हिक्टोरिनॉक्स तयार झालं.

वेंगरचं घर देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रेंच बोलणाऱ्या ज्युरामध्ये, डेलेमाँ गावी. १८९३ मध्ये त्या भागात सुरू झालेल्या चाकूच्या कारखान्यालाही सैन्याचं काम मिळू लागलं, आणि पुढे थिओडोर वेंगरच्या हाती कारभार येऊन त्याचंच नाव लागलं. एक पुरवठादार जर्मन भाषक, दुसरा फ्रेंच भाषक. दोन भाषांच्या भागांत धुसफुस नको आणि सगळी भिस्त एकावरही नको, म्हणून १९०८ साली सरकारनं सरळ निम्मं-निम्मं काम वाटून दिलं. ती वाटणी जवळजवळ शंभर वर्षं टिकली. म्हणूनच यांतला एक खरा आणि दुसरा त्याची नक्कल, असं म्हणायला जागाच नाही. दोघेही सरकारमान्य.

मग हातात आलेला चाकू कुणाचा, हे कसं ओळखायचं? सगळ्यात सोपं म्हणजे क्रॉसच्या भोवती पाहायचं. व्हिक्टोरिनॉक्सचा क्रॉस ढालीत असतो, वेंगरचा गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनात. चिन्ह झिजलं असेल तर मोजपट्टी लावा. व्हिक्टोरिनॉक्सचा नेहमीचा लाल चाकू ९१ मिलिमीटरचा, वेंगरचा ८५. सहा मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण मुठीत कळतात. माझा पंजा लहान आहे, मला वेंगर बरा बसतो. किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पिटुकल्या चाकूतही हाच फरक, उलट बाजूनं: व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिलिमीटर, वेंगरचा ६५.

खरा फरक मात्र कामाला लावल्यावर दिसतो. राजगडावर पद्मावती माचीवर आम्ही मुक्कामाला होतो. चहाला दूध म्हणून कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणलेला. मित्राचा व्हिक्टोरिनॉक्स सॅकच्या तळाशी, म्हणून त्यानं माझा वेंगर घेतला. उघडणीचा खाचा डब्याच्या काठाखाली अडकवला, मूठ उचलली, टोक घुसलं. मग सवयीनं पुढे रेटायला गेला तर उघडणी निसटली. पुन्हा अडकवली, पुन्हा निसटली.

"बोथट झालाय तुझा."

"बोथट नाहीये. उलटा चालव, स्वतःकडे."

"असं कुठे असतं का?"

असतं. व्हिक्टोरिनॉक्सची उघडणी पुढे पुढे कापत जाते आणि तिच्या टोकाला छोटा स्क्रू ड्रायव्हरही आहे. वेंगरची उघडणी आकड्यासारखी वाकडी, ती मागे कापत येते. एकाची सवय लागली की दुसऱ्यावर माणूस हमखास अडतो. मित्रानं शेवटी डबा उघडला, पण झाकणाच्या कडेला शंकरपाळीसारखी नक्षी काढून. या बाबतीत माझं मत व्हिक्टोरिनॉक्सला. पुढे चालणारी उघडणी काय कापते आहे ते डोळ्यांसमोर दिसतं, आणि बोट चुकून धारेच्या वाटेत येत नाही.

कात्रीत मात्र वेंगर जिंकतो, आणि माझ्या लेखी चांगल्या फरकानं. व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्रीत दोन पात्यांच्या मध्ये एक चिमुकली पत्र्याची स्प्रिंग असते, कात्री दाबून सोडली की तीच पाती उघडते. दिसायला नाजूक आणि असतेही नाजूक. आमच्या घरी आईनं त्या कात्रीनं रोज सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायचा नेम धरला होता. एके दिवशी स्प्रिंग तुटून ओट्यावर कुठेतरी उडाली ती गेलीच. सुटी स्प्रिंग विकत मिळते आणि घरच्या घरी बसवता येते, हे मान्य. पण वेंगरनं ती भानगडच ठेवली नाही. त्याच्या कात्रीचा एक छोटा दांडा चाकूच्या पाठीच्या पट्टीवरच टेकतो, म्हणजे पात्याला 'खट्' करणारी तीच जाड पट्टी कात्रीही उघडते. शिवाय कात्रीच्या धारेला बारीक दाते आहेत, त्यामुळे दोरा किंवा नख घसरत नाही.

पाती, टोच्या, चिमटा आणि दात कोरणं यांत दोघांमध्ये डावंउजवं करावं असं मला काही दिसत नाही. वेंगरनं हौसेखातर एक 'जायंट' बनवला होता, ८७ हत्यारं आणि १४१ उपयोगांचा. तो खिशात मावत नाही, काचेच्या कपाटात शोभतो.

२००१ च्या सप्टेंबरनंतर विमानात चाकू नेणं बंद झालं, आणि विमानतळावरच्या दुकानांतून होणारी विक्री झोपली. चाकू हे प्रवासातून आणायच्या भेटीचं हुकमी उत्तर होतं, ते एका फटक्यात गेलं. वेंगरला ते पेललं नाही. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनं वेंगर विकत घेतलं. २००८ साली सैन्यानं १११ मिलिमीटरचा, एका हातानं उघडणारा, दातेरी पात्याचा हिरवा-काळा चाकू घेतला, तो एकट्या व्हिक्टोरिनॉक्सचा. २०१३ मध्ये तर जाहीरच झालं की यापुढे चाकूवर वेंगर हे नाव येणार नाही. नाव उरलं ते घड्याळांवर आणि बॅगांवर. आपल्या आयटी कंपन्यांत लॅपटॉपच्या काळ्या बॅगेवर चौकोनातला क्रॉस दिसतो ना, तो हाच. चाकूवाल्यांचा क्रॉस पाठीवर घेऊन रोज लोकलनं जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

गोळा करणाऱ्यांसाठी यातून एक तिसरा घोळ झाला. वेंगरचे काही चाकू नंतर डेलेमाँच्या नावानं, पण व्हिक्टोरिनॉक्सचा शिक्का मारून बाजारात आले. अंग वेंगरचं, कात्री वेंगरची, कपाळावर ढाल. क्रॉस पाहून ठरवणारा इथे फसतो, मोजपट्टी लावणारा फसत नाही. जुन्या वेंगरवर ऑनलाइन लिलावात 'दुर्मिळ' अशी पाटी सर्रास लागते, तिला भुलू नका. इतकी वर्षं चाकू बनत होते, साधा लाल वेंगर अजून मुबलक आहे. माझ्या मते शोधावा तो १९६१ च्या मॉडेलचा शिपायांचा चाकू. ९३ मिलिमीटरचा, चंदेरी अॅल्युमिनियमच्या खडबडीत मुठीचा. बुंध्यावर सालाचे दोन आकडे असतात. दोन्ही कारखान्यांनी तो बनवला, त्यामुळे एकाच सालाची जोडी लावता येते. माझी एकही जोडी अजून पुरी झालेली नाही.

खिशात बाळगण्याबद्दल दोन गोष्टी. विमानाला जाताना चाकू चेक-इनच्या सामानात टाका. मी एकदा जॅकेटच्या आतल्या खिशात विसरलो आणि सुरक्षा तपासणीत प्लास्टिकच्या टोपलीत सोडून आलो, चूक सर्वस्वी माझी. दुसरी गोष्ट शहरातली. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा सार्वजनिक जागी शस्त्रं नेता येत नाहीत, आणि त्या यादीत चाकूचं नाव स्पष्ट आहे. आदेश सणासुदीला, निवडणुकीला, मोर्च्याला निघत असतात. काकडी कापायला ठेवलाय हे खरं असलं तरी ते चौकीत बसून सांगायची वेळ येऊ नये. मी ट्रेकला सॅकमध्ये नेतो, एरवी तो घरच्या खणात असतो.

तर तो जुन्या बाजारातला वेंगर. काकांनी आठशे सांगितले, मी तीनशे म्हणालो, साडेचारशेला तुटलं. घरी आणला तेव्हा मोठं पातं सोडून काहीच नीट उघडत नव्हतं. कोमट पाण्यात साबण घालून बुडवला, पाण्यातच प्रत्येक हत्यार पंधरा-वीस वेळा उघडमीट केलं, केस ड्रायरनं सुकवला आणि सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. टोच्या सुटला, मग उघडणी. कात्री सगळ्यात शेवटी सुटली, आणि तिच्या सांध्यातून तंबाखूचा ओला चुरा बाहेर आला.