मागितलेली सोय ॲपमध्ये कधी येते?

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी आणि छोट्या कंत्राटदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपलं बिल-कोटेशनचं ॲप कसं वापरायचं ते शिकवायला हे पत्रक काढलेलं नाही. त्यासाठी मेनूमध्ये छोटे व्हिडिओ आहेत. फोनवर आम्हाला विचारले जाणारे प्रश्न वेगळेच असतात. सांगितलेली सोय अजून का आली नाही? भावाच्या फोनवर दिसतं ते माझ्या फोनवर का नाही? चुकलेलं बिल डिलीट का होत नाही? टीम सांभाळणं आणि कुठलं काम आधी घ्यायचं ते ठरवणं माझ्याकडे आहे, तेव्हा उत्तरंही मीच देते.

आम्ही पाच जण. दोघं फोनवरचं ॲप लिहितात, एक जण सर्व्हर बघतो, एक जण प्रत्येक गोष्ट तपासून पाहते, आणि पाचवी मी. पुण्यात बँकांची आणि परदेशी कंपन्यांची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांना तोटा नाही. ज्याच्या हातात पान्हा किंवा ब्रश आहे त्याच्यासाठी लिहिणारे मात्र कमी, आणि ते काम एसी ऑफिसात बसून होत नाही.

म्हणून नव्याने आलेल्या प्रोग्रॅमरला आम्ही आधी एखाद्या ग्राहकाबरोबर साइटवर पाठवतो, कधी विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, वायर आणि एमसीबीच्या (आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) खरेदीला. तिथे त्याला दिसतं की रंगाऱ्याचा अंगठा पुट्टीने माखलेला असतो, फोन फिंगरप्रिंट घेत नाही, आणि मग तो करंगळी पँटला पुसून तिने बिल काढतो. आपल्या ॲपमध्ये चार आकडी पिन आणि एवढी मोठी बटनं आहेत ती त्या करंगळीसाठी. पावसाळ्यात स्क्रीनवर पडलेला थेंबसुद्धा बटन दाबू शकतो. म्हणून ‘पाठवा’ खाली आणि ‘रद्द करा’ पार वरच्या कोपऱ्यात आहे. दोन्ही शेजारी ठेवा असं बरेच जण सांगतात. ठेवणार नाही.

रांग कशी लागते

पैशाचा हिशोब चुकत असेल तर ते काम सगळ्यात आधी, मग हातातलं काहीही बाजूला पडतं. त्यानंतर ज्यामुळे कुणाचं काम अडून राहिलंय ते. नव्या सोयी त्याच्या मागे.

कधी कधी सरकारही रांगेत घुसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. सिमेंट आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. नवा आकडा टाकायला किती वेळ लागतो? काहीच नाही. पण त्याआधी केलेलं बिल पुढच्या वर्षी उघडलं तरी त्यावर २८च दिसले पाहिजेत, नाहीतर तुमच्या सीएचा फोन ठरलेला. त्यामुळे कराचा दर एका जागी ठेवून भागत नाही; तो प्रत्येक बिलाबरोबर साठवावा लागतो. अशा वेळी महिनाभर वाट बघत असलेली तुमची मागणी आणखी मागे जाते, हे मी लपवत नाही.

दिसायला छोट्या मागण्याही नेहमी छोट्या नसतात. ‘मापाच्या यादीत ब्रास टाका’ ही त्यातलीच. वाळू, खडी, मुरूम घेताना ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लास्टरचा किंवा फरशीचा हिशोब ब्रासने करणाऱ्याला हवे असतात १०० चौरस फूट. आणि एकाच कोटेशनमध्ये वाळूही असते आणि प्लास्टरही. दर वेळी ‘कुठला ब्रास?’ असं विचारणारं ॲप तुम्ही दोन दिवसांत काढून टाकाल. म्हणून आम्ही माप मालाला आणि कामाला जोडलं: वाळू निवडली की घनफूट, प्लास्टर निवडलं की चौरस फूट, आणि ओळीखाली बारीक अक्षरांत तसं लिहून येतं. यादीत एक शब्द वाढवायला सांगितलं होतं; प्रत्यक्षात मालाची अख्खी यादी नव्याने लावावी लागली.

‘एका बिलात दोन साइट’ ही मागणी अजून रांगेतच आहे. येणी, ॲडव्हान्स, मोजमाप, फोटो असं सगळं ॲपमध्ये साइटला जोडलेलं आहे. फरशी बसल्यावर कमोड फूटभर सरकवा म्हणणारी गिऱ्हाइकं तुम्ही पाहिली आहेत. इथे ते गिऱ्हाईक तुम्ही आहात.

उलट बिलाच्या डोक्यावर ‘॥ श्री ॥’ हवं ही मागणी आली आणि त्याच दुपारी पूर्ण झाली. तिला रांगेत उभं करायची कुणाची छाती नव्हती.

बिल क्रमांक आणि न पुसलं जाणारं बिल

वाकडच्या एखाद्या टॉवरच्या तळघरात रेंज नसते. तुम्ही तिथे पंपाचं काम संपवून बिल करताय, आणि त्याच वेळी तुमचा भाऊ कात्रजला दुसरं बिल करतोय. शेवटचं बिल ५६ होतं, मग ५७ नंबर कुणाचा? नंबर सर्व्हरने द्यायचा म्हटलं तर तळघरातल्याला वर येईपर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर सोसायटीचे सेक्रेटरी ‘उद्या बघू’ म्हणून घरी गेलेले असतील. दोन्ही फोनने आपापला ५७ दिला तर एकाच नंबरची दोन बिलं होतात, आणि ते चालत नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाला ओळीने नंबर हवा, तो जास्तीत जास्त १६ अक्षर-अंकांचा, आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा.

पण तोच नियम एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला परवानगी देतो. आम्ही त्याचाच आधार घेतला. प्रत्येक फोनला स्वतःची मालिका मिळते: तुमचं ए-५७, भावाचं बी-५७. रेंज असो वा नसो, बिल जागेवर निघतं आणि नंतर दोन्ही सर्व्हरवर भांडण न करता जमा होतात. नवा फोन जोडला की नंबरापुढे वेगळं अक्षर येतं ते यासाठी. तो बिघाड नाही.

चुकलेलं बिल पुसता येत नाही याचंही कारण हेच. पुसलं तर मालिकेत भोक पडतं. म्हणून ते ‘रद्द’ शिक्क्यासह तिथेच राहतं. कोटेशन मात्र कितीही पुसा.

जीएसटी नोंदणी नसेल तर कराचा रकाना उघडत नाही. गिऱ्हाईक ‘पक्कं बिल द्या’ म्हणून मागे लागलं तरी नोंदणी नसताना कर आकारता येत नाही. ज्यांच्या धंद्यात निव्वळ सेवाच आहे त्यांना महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते. तुमचं नेमकं काय, ते सीएला विचारा.

दुसऱ्याला मिळालं, मला नाही

नवी आवृत्ती आम्ही सगळ्यांना एकदम देत नाही. आधी थोड्या फोनवर, दोन-तीन दिवस शांतपणे गेले की आणखी थोड्यांवर. प्ले स्टोअरमध्ये तशी सोय आहे, आणि कुणाचा नंबर आधी लागेल ते आमच्या हातात नसतं. शुक्रवारी नवं काही सोडत नाही, कारण शनिवार-रविवार तुमच्या कामाचे असतात. दिवाळीच्या तोंडावर रंगकामाच्या आणि मे महिन्यात वॉटरप्रूफिंगच्या स्क्रीनला आम्ही हातही लावत नाही. हंगामात बटनाची जागा बदललेली कुणालाच आवडत नाही.

काही बिघडलं तर

‘ॲप चालत नाही’ एवढ्यावर आम्हाला काहीच शोधता येत नाही. ‘फिटिंगच्या बिलात पाऊण इंची एल्बो १२ टाकले, सेव्ह केलं, परत उघडलं तर १ दिसतो’ असं कळवलंत तर बहुतेक वेळा त्याच दिवशी मूळ सापडतं. काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, एवढं पुरे. बोलून पाठवलं तरी चालेल; टाइप करायचा त्रास घेऊ नका. सोबत स्क्रीनशॉट असेल तर उत्तम, कारण त्यात कोपऱ्यातला आवृत्ती क्रमांक आपोआप येतो.

येणी वसुलीची आठवण वेळेवर येत नसेल तर आधी फोनची बॅटरी सेटिंग बघा. बरेच फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेलं ॲप बंद करतात.

बिलावरचा क्यूआर स्कॅन झाला की पैसे थेट तुमच्या खात्यात जातात. आमच्याकडून जात नाहीत, त्यामुळे आले की नाही ते ॲपला कळत नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण बघून ‘जमा’ दाबू नका, आपल्या बँकेत बघून दाबा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: अडकलं म्हणून ॲप काढून परत टाकणं. रेंज नसताना केलेली बिलं तोवर फक्त तुमच्या फोनमध्ये असतात, आणि ॲप काढलं की तीही जातात. ‘क्लिअर डेटा’नेही तेच होतं. ‘क्लिअर कॅश’ चालतं. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी वर उजवीकडचं ढगाचं चिन्ह हिरवं झालंय का, म्हणजे सगळी बिलं सर्व्हरवर पोचली का, ते बघा. पिवळं असेल तर वायफायवर ॲप उघडं ठेवा. तासाभरातही हिरवं झालं नाही, तर फोन दुकानदाराच्या हातात द्यायच्या आधी आम्हाला कळवा.