कानाला उशीर होतो

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या ज्या बाईंकडे मी गेली दोन वर्षे गाणे शिकतो, त्यांच्या दारात गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीचे वडील उभे होते. त्यांच्या मोबाइलवर ‘तीस दिवसांत गायक व्हा’ अशी जाहिरात होती. ‘‘बाई, सहा महिने झाले, पोरगी अजून सारेगमच करत्या. गाणं कधी शिकवणार?’’ असे त्यांनी विचारले. बाईंनी त्यांना चहा दिला, उत्तर दिले नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेले असल्यामुळे मला मात्र उत्तर द्यावेसे वाटले. ते चहाच्या एका कपात मावणारे नव्हते, म्हणून हा लेख.

कोल्हापुरात ‘तालमीला जातो’ म्हटले की लोक आधी दंडाकडे बघतात. घराणेदार गायकीतल्या शिक्षणालाही तालीमच म्हणतात. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी डाव शिकवत नाही, आधी आखाडा उकरायला लावतो, हे इथल्या कोणत्याही बापाला पटते. गाण्याच्या बाबतीत तेच पटत नाही, कारण गळ्यातले स्नायू हलताना दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून धडपड केली तीही एका गाण्याच्या मास्तरांनीच. मॅन्युएल गार्सिया यांनी 1854 साली छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशाच्या मदतीने, गाताना स्वतःचे स्वरतंतू कसे हलतात ते पाहिले आणि पुढच्या वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याच 1855 साली अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म झाला, जे 1895 पासून शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते आणि ज्यांच्यामुळे जयपूर-अत्रौली या घराण्याची गायकी या गावाची झाली.

स्वरतंतू हे नावच थोडे फसवे आहे, कारण त्या तारा नसून स्नायूंवर मऊ अस्तर असलेल्या दोन घड्या आहेत. फुप्फुसातली हवा त्यांना दूर लोटते, त्या पुन्हा मिटतात, आणि काळी पाचचा (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा) सा लावला की हे सेकंदाला सुमारे 233 वेळा घडते. सूर चढवायचा म्हणजे त्यांना ताणून पातळ करायचे. किती ताणायचे हे सांगणारी खूण मात्र बाहेर कुठेही नाही. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात, गळ्याला यांतले काहीच नाही. मग गाणाऱ्याला आपला सूर बरोबर लागला हे कळते कसे? ‘कानाने’ हे उत्तर कोणीही देईल, पण ते अर्धेच बरोबर आहे.

प्रयोगशाळेत गाणाऱ्याच्या कानावर हेडफोन चढवून त्याचाच आवाज त्याला किंचित चढवून ऐकवतात. तो नकळत आपला सूर खाली आणतो, पण हा बदल सुरू व्हायलाच साधारण एक दशांश सेकंद किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. कानाने ऐकायचे, मेंदूने चूक ओळखायची, मज्जातंतूंनी स्वरयंत्राला निरोप द्यायचा आणि स्नायूंनी तो पाळायचा, एवढा तो प्रवास आहे. आता सेकंदाला आठ स्वरांची तान, म्हणजे भरभर गायलेली स्वरांची माळ, घ्या. प्रत्येक स्वराच्या वाट्याला 0.125 सेकंद येतो, म्हणजे चूक दुरुस्त करण्याचा निरोप गळ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तो स्वर संपत आलेला असतो किंवा गवई पुढच्या स्वरावर गेलेलाही असतो. तानेत कान साक्षीदार असतो, सारथी नसतो. त्यामुळे द्रुत तान सुरेल लागते ती आधीच बांधलेल्या अंदाजावर. ‘इतका ताण आणि इतका श्वास दिला तर असा आवाज येईल’ हा अंदाज मेंदूत, विशेषतः अनुमस्तिष्कात म्हणजे लहान मेंदूत, तयार होतो, आणि तो फक्त चुकांमधून सुधारतो. चूक ऐकून घ्यायला वेळ मिळेल इतका संथ स्वर लावल्याखेरीज तो सुधारणार कसा? सहा महिने ठाय म्हणजे संथ लयीत चाललेले सारेगम ही त्या मुलीच्या पुढच्या तानेचीच तयारी आहे.

चूक ऐकू यावी यासाठी आपल्याकडे जी सोय आहे, तिच्याविषयी लिहिताना मला हात आवरत नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली, एक सुती दोरा सरकवलेला असतो. मिरजेच्या कारागिराने जवारी लावलेल्या, म्हणजे घोडीचा माथा घासून बेताने गोलसर केलेल्या, तानपुऱ्यात तो दोरा केसभर मागेपुढे केला की एका विशिष्ट जागी तार अचानक ‘बोलू’ लागते, कारण घोडीच्या किंचित गोलाईला ती घासत कंप पावते आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे उपस्वर जोमाने उमटतात. समजा तानपुऱ्याचा सा 233 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 233 कंपनांचा, आहे आणि तुम्ही 234 लावलात. ही चूक काळी पाच आणि तिच्या पुढची पांढरी पट्टी यांमधल्या अंतराच्या जेमतेम चौदाव्या हिश्शाएवढी आहे. मूळ स्वरांची एकमेकांवर सरमिसळ होऊन सेकंदाला एकच विस्पंद होतो, म्हणजे आवाज एकदाच लहानमोठा होतो, आणि तो सहज निसटतो. पण तुमच्याही आवाजात उपस्वर आहेत: तानपुऱ्याचा पाचवा 1165 हर्ट्झचा, तुमचा 1170 चा, म्हणजे सेकंदाला पाच विस्पंद. चूक पाचपट मोठी होऊन कानावर थरथरते. सूर जुळला की ही थरथर थांबते, आणि आपला आवाज तानपुऱ्यात विरघळल्यासारखा वाटतो. ‘सुरात सूर मिळणे’ यामागे हे एवढे अंकगणित आहे, कोणतीही गूढ शक्ती नाही.

तानपुरा आणि चिकाटी पुरेशी असेल तर गुरू कशाला, असे वाटू शकते. आपला आवाज आपल्याला हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि हाडांतून खालच्या वारंवारता अधिक येतात, म्हणूनच ध्वनिमुद्रणातला स्वतःचा आवाज परका आणि बारीक वाटतो. गुरूचा कान बाहेर असतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. हेडफोनमधला तोच आवाज हळूहळू चढवत नेऊन बराच वेळ ऐकवला आणि मग हेडफोन काढला, तरी माणूस काही काळ चुकीच्या जागीच गात राहतो, कारण मेंदूतला अंदाज त्या फसव्या आवाजाला जुळवून घेतो. बेसूर रियाज वाया गेला असता तरी परवडले असते. तो पक्का होतो. सुरुवातीला ‘घरी एकट्याने गाऊ नका, समोर बसूनच गा’ असे जुने उस्ताद सांगत, त्याला ही बाजूही आहे. गायिका केसरबाई केरकरांनी 1921 मध्ये खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि आधी अनेकांकडे शिकलेल्या होत्या. तरी त्यांना पुन्हा समोर बसावे लागले.

रोज किती, याविषयी एक जुना ब्रिटिश प्रयोग मला फार आवडतो. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवले होते. रोज एकच तास शिकलेल्यांना ते रोज चार तास शिकलेल्यांपेक्षा एकूण कमी तासांत आले, मात्र दिवस अधिक लागले आणि आपल्या प्रगतीवर सर्वांत नाराज तेच होते. गायनवर्गाच्या दारातला पालक मला त्यांच्यातच दिसतो.

हे सगळे ठाऊक असूनही मी गेल्या वर्षी आठवडाभर रियाज बुडवला आणि वर्गाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चार तास गायलो. माझा सा काळी एकचा, सुमारे 138 हर्ट्झचा. त्यातले दोन तास जरी प्रत्यक्ष आवाज निघाला असेल तरी घड्या दहा लाखांच्या आसपास वेळा एकमेकींवर आपटल्या. संध्याकाळी आवाज बसला. आत्याने गळ्याला नजर लागल्याचे निदान करून मीठमोहऱ्या ओवाळल्या, शेजारच्यांनी ज्येष्ठमध आणून दिला. ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते, पण गिळलेली वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही; ती अन्ननलिकेत जाते, आणि चुकून श्वासनलिकेकडे वळली तर ठसका लागतो. सुजलेल्या घड्यांवर उपाय होता तो गप्प बसण्याचा. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचा तरुणपणीचा आवाज अतिगाण्याने गेला आणि परतला तो बदलून, असे सांगितले जाते, आणि त्या बदललेल्या गळ्यासाठीच त्यांनी आपली वेगळी गायकी घडवली. ती प्रतिभा होती. आपण तेवढा भरवसा ठेवू नये.

बाईंची परीक्षा साधी असते. मी सा लावला की त्या तानपुरा खाली ठेवतात, आत जाऊन गॅसवरचे दूध बघतात आणि मी सा धरून, श्वास घेत, पुन्हा लावत राहतो. मिनिटभराने परत येऊन त्या तार छेडतात. पहिल्या वर्षी मी दर वेळी घसरलेला असे आणि ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळे. परवा तार वाजली तेव्हा सेकंदाला दोनतीन विस्पंद मला स्वतःलाच ऐकू आले. ‘‘आज चढलाय,’’ बाई म्हणाल्या, आणि तानपुरा पुन्हा खाली ठेवून दूध उतरवायला गेल्या.