सांबर (बेळगाव सीमाभाग)

सांबर : भारतातील सर्वांत मोठे हरीण. कुल सर्विडी, शास्त्रीय नाव रुसा युनिकलर. बेळगाव जिल्ह्यात त्याचा वावर मुख्यतः खानापूर तालुक्याच्या घाटमाथ्यावर, म्हणजे भीमगड, कणकुंबी, हेमाडगा, लोंढा या पट्ट्यात आहे. तिथून पुढे उत्तर कन्नडातील जोयडा-दांडेलीपर्यंत रान सलग आहे. कन्नडमध्ये याला ‘कडवे’ म्हणतात.

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी 150 सेंमी.पर्यंत उंच भरतो आणि त्याचे वजन 225 ते 320 किग्रॅ. असते. रंग एकसारखा गडद तपकिरी; चितळासारखे ठिपके नसतात. मानेवरचे केस राठ व लांब. शिंगे फक्त नराला येतात, दरवर्षी गळतात आणि नव्याने फुटतात. पाऊसकाळात वाढणाऱ्या शिंगावर मखमली कातडे असते. हे कोवळे शिंग हाताला गरम लागते, कारण त्यात रक्त खेळत असते. पाऊस सरला की कातडे सुकते आणि नर ते झाडावर घासून काढतो. खोडाची साल कमरेच्या उंचीवर सोललेली आणि तिथला चिकाचा ओघळ ताजा दिसला, तर सांबर जवळपास आहे असे धरायला हरकत नाही. प्रत्येक शिंगाला साधारण तीन टोके असतात. याच कुलातील रेनडिअरच्या माद्यांनाही शिंगे असतात; सांबराची मादी मात्र बिनशिंगी.

विणीच्या हंगामात सांबराच्या गळ्यापुढे एक केस झडलेला, ओलसर, कधी रक्ताळलेला डाग दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती गोळीची किंवा फाशाची जखम वाटते. प्रत्यक्षात ती ग्रंथींची जागा आहे.

सांबर एकेकटे किंवा दोन-चारांच्या गटात राहते, दिवसा उतारावरच्या दाट सावलीत बसते आणि अंधार पडल्यावर चरायला निघते. पाला, गवत, खाली पडलेले आवळे हा त्याचा आहार. चिखलात लोळण्याची आणि पाण्याची त्याला भारी हौस. रानकुत्री मागे लागली की ते ओढ्यात उतरते आणि पाण्यात पाय रोवून त्यांच्याशी सामना करते. धोका जाणवला की शेपूट वर होते, पुढचा खूर जमिनीवर आपटतो आणि ‘ढाँक्’ असा घुमणारा आवाज निघतो. चितळ कशालाही बिचकून ओरडते. सांबर सहसा वाघ, बिबट्या किंवा रानकुत्री दिसल्यावरच ओरडते, म्हणून जंगलात फिरणारे त्याच्या आवाजाला अधिक मानतात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत सांबर 2008 पासून ‘असुरक्षित’ गटात आहे. योगायोग असा की रेनडिअरही आज त्याच गटात आहे. 2015 च्या मूल्यमापनात रेनडिअरची संख्या तीन पिढ्यांत सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. सांबराच्या घसरणीचे मोठे कारण म्हणजे आग्नेय आशियातील बेसुमार शिकार आणि फासे. भारतात त्यामानाने स्थिती बरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तर 1860 च्या दशकात सोडलेली सांबरे इतकी माजली आहेत की तिथे ती उपद्रवी म्हणून मारली जातात. तेव्हा जागतिक शिक्का वाचून खानापूरच्या रानाबद्दल फारसे काही कळत नाही.

इथला प्रश्न रानाच्या सलगपणाचा आहे. सुमारे 190 चौ. किमी.चे भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झाले. त्याच्या दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य (1999) आणि उत्तरेकडे दोडामार्गातील तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र (2020) आहे. तीन राज्ये आणि तीन वनखाती असली तरी वाघांची ये-जा या सगळ्यांतून चालते. या वाटेची चर्चा होते तेव्हा नकाशावर वाघ असतो. सांबराचे नाव क्वचितच निघते. वस्तुतः वाट टिकते ती भक्ष्यावर. एका वाघाला वर्षाला साधारण 50 मोठे प्राणी लागतात आणि सांबर-गवा यांच्याइतके मोल भेकर किंवा पिसोरीला नाही. भक्ष्य विरळ झाले की वाघ गोठ्याकडे वळतो. सीमेपलीकडे सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे जानेवारी 2020 मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले; गुरे मारल्याच्या रागातून हे घडल्याचे तपासात पुढे आले.

दुसरी बाजू शेतकऱ्याची. भात पोटरीला आले की सांबरे रात्री शिवारात उतरतात. गवा आणि रानडुकरांपुढे त्यांचे नाव मागे पडते, इतकेच. माळ्यावर बसून डबे वाजवत राखण करणाऱ्याला ‘असुरक्षित’ हा शब्द ऐकवणे सोपे नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात सांबराचा पाय अडकणे हाही याच राखणीचा एक परिणाम. त्यात गुरांचे रोग येतात. चरायला रानात जाणाऱ्या जनावरांकडून लाळ-खुरकूत आणि घटसर्प वन्य प्राण्यांत पसरू शकतात, म्हणून जंगलालगतच्या गावांतले लसीकरण हे सांबरासाठीही काम आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि शिंगांची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. तरी छाती भरलेल्या पोराला सांबरशिंग उगाळून लेप लावण्याची चाल जुन्या घरांत आढळते. आजीच्या डब्यात सहाणेसोबत ठेवलेला, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला तुकडा अनेकांनी पाहिला असेल. तो बहुधा गळून पडलेल्या शिंगाचा असतो, पण बाजारात मागणी राहिली की गळालेले शिंग आणि मारून काढलेले शिंग यांत फरक करता येत नाही. बंदी दोन्हींवर आहे, ती याचसाठी.

अभयारण्यातील गवळी, तळेवाडी, कृष्णापूर, देगाव यांसारखी गावे मराठी बोलणारी आहेत. पावसात आजाऱ्याला डोलीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागते. रस्ता हवा की पुनर्वसन, यावर गावातच दोन मते असतात. 2025 मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांचे प्रत्येकी 15 लाख रुपयांच्या भरपाईवर स्थलांतर सुरू झाले. उठलेल्या गावाच्या खाचरांत काही वर्षे चांगले गवत येते आणि सांबर, गवे तिथे चरायला येऊ लागतात. पुढे झुडपे व रानमोडी माजली की ते कुरण उरत नाही. ते टिकवायचे तर वनखात्याला दरवर्षी झुडपे काढावी लागतात.