काटा शून्यावर आला म्हणजे बॉयलर संपला?

थंडीचे दिवस. गॅसवर पाणी तापवून ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांमध्ये, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या पोलादी पट्ट्यांमध्ये, फिरवणारा घरातला बॉयलर. त्याच्या दाबमापकाचा काटा सकाळी शून्याला टेकलेला असतो. भरणीचा नळ सोडून थोडं पाणी आत घेतलं की तो दीड बारवर येतो (बार हे दाबाचं एकक). घर तापायला लागलं की सरसर चढत तीनवर जातो, बाहेरच्या भिंतीतून डोकावणाऱ्या बारीक नळीतून पाणी ठिबकतं, आणि रात्री सगळं निवलं की काटा पुन्हा शून्यावर. चार दिवस हाच खेळ चालतो. पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "बारा वर्षं झाली की त्याला, आता नवाच बसवा."

सल्ला चुकीचा असेलच असं नाही. पण देणाऱ्याने बॉयलरच्या वयापलीकडे काही पाहिलेलं नसतं. खरं तर या लक्षणांवरून बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा जागच्या जागी सांगता येतं.

पाणी १० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांपर्यंत तापवलं की साधारण ३ टक्क्यांनी फुगतं. रेडिएटर आणि नळ्या मिळून १०० लिटर पाणी असेल, तर जवळजवळ ३ लिटर जास्तीचं पाणी कुठेतरी मावायला हवं. नळ्या बंदिस्त, आणि पाणी काही दाबून लहान होत नाही. म्हणून बॉयलरच्या पोटात किंवा शेजारी एक बंद डबा असतो. त्याच्या मधोमध रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की पडदा हवेकडे सरकतो, निवलं की परत येतो. रबरातून वर्षानुवर्षं थोडी थोडी हवा निसटत राहते, सायकलच्या ट्यूबमधून निसटते तशीच. ती संपली की फुगणाऱ्या पाण्याला जागाच उरत नाही. दाब ३ बारपर्यंत चढतो, सुरक्षा झडप उघडते, पाणी बाहेर जातं, आणि निवल्यावर तेवढं पाणी कमी पडतं म्हणून काटा शून्यावर.

या डब्याला टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. तंत्रज्ञ त्याची पिन क्षणभर दाबून पाहतो. नुसतीच क्षीण फुस्स ऐकू आली तर नळ्यांमधला दाब उतरवून पंपाने हवा भरायची, काम झालं. पाण्याची चिळकांडी आली तर पडदा फाटलाय, डबा बदलायचा. दोन्ही प्रकारांत आगीशी ज्याचा संबंध आहे असा बॉयलरचा एकही भाग बिघडलेला नसतो. सुरक्षा झडप मात्र अशी वारंवार उघडल्यावर नीट बसत नाही आणि पुढे गळतच राहते, तीही पाहून घ्यावी. दाब नुसताच उतरत असेल, तापल्यावर चढत नसेल, तर गोष्ट वेगळी. मग कुठेतरी गळती आहे.

या उदाहरणात मला खरी धास्ती वाटते ती रोज सकाळी भरल्या जाणाऱ्या पाण्याची. बंद नळ्यांत तेच ते पाणी फिरत राहिलं तर त्यातला विरघळलेला ऑक्सिजन लोखंडाशी संयोग होऊन लवकरच संपतो आणि गंज जवळपास थांबतो. नवं पाणी आलं की नवा ऑक्सिजन येतो, शिवाय नवे क्षारही. म्हणजे हवा भरून सुटला असता असा प्रश्न वर्षभर "थोडं पाणी घातलं की झालं" म्हणत रेटला, की तो हळूहळू बॉयलरच्या काळजापर्यंत पोचतो.

रेडिएटरमधलं पाणी पांढऱ्या वाडग्यात काढून पाहिलंत तर हे डोळ्यांनी दिसतं. चांगल्या व्यवस्थेतलं पाणी फार तर चहाच्या फिक्या पाण्यासारखं असतं. बिघडलेल्या व्यवस्थेतून शाईसारखं काळं पाणी येतं. वाडगं तासभर तसंच ठेवा, तळाशी मऊ काळा गाळ बसेल. खालून लोहचुंबक फिरवलं की तो गाळ चुंबकामागे सरकतो. हे मॅग्नेटाइट, लोखंडाचं काळं ऑक्साइड. रेडिएटरच्या आतल्या पोलादाचं पीठ म्हणा ना. ऑक्सिजन फारसा नसतानाही लोखंड आणि पाणी यांच्यापासून ते बनू शकतं, आणि तेव्हा जोडीला हायड्रोजन सुटतो. रेडिएटरच्या माथ्याशी पुन्हा पुन्हा 'हवा' साठते म्हणून आपण ती सोडतो, तिच्यात पुष्कळदा हाच हायड्रोजन असतो. तो पेट घेतो, त्यामुळे मेणबत्तीच्या उजेडात हे काम करू नये.

हा गाळ आधी पंपात बसतो, मग पाण्याची दिशा बदलणाऱ्या झडपेत, मग नळाचं पाणी तापवणाऱ्या छोट्या थाळीदार हीट एक्स्चेंजरमध्ये (हीट एक्स्चेंजर म्हणजे एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला देणारा भाग). मालकाच्या वहीत नोंद होते: दोन वर्षांत तीन दुरुस्त्या, यंत्र थकलंय. नोंद खरी आहे, निष्कर्ष फसवा आहे, कारण त्या तीन दुरुस्त्यांमागचा आजार एकच होता आणि तो यंत्रात नव्हताच, नळ्यांमधल्या पाण्यात होता. अशा वेळी नळ्या न धुता नवा बॉयलर बसवणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. नव्या यंत्रातल्या पाणवाटा जुन्यापेक्षा अरुंद असतात, त्यामुळे ते जुन्यापेक्षाही लवकर तुंबतं. दुरुस्त करा किंवा बदला, नळ्या धुणं, चुंबकाची गाळणी लावणं आणि गंजरोधक द्रव्य घालणं हा खर्च दोन्हीकडे धरायचाच.

आता काळजाबद्दल. मुख्य हीट एक्स्चेंजर म्हणजे धातूची पातळ भिंत. तिच्या एका बाजूला हजार अंशांहून तापलेले ज्वलनवायू, दुसऱ्या बाजूला वाहतं पाणी. धातू वितळत नाही याचं श्रेय पाण्याला, कारण ते उष्णता तत्काळ उचलून नेतं. आतून क्षारांचा थर बसला की हा व्यवहार अडतो. तांबं ज्या सहजतेने उष्णता वाहून नेतं त्याच्या शंभराव्या भागाइतकीही क्षारांच्या थराला जमत नाही. थराखालचा धातू जास्त तापतो, तिथे अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे तयार होतात आणि लगेच थंड पाण्यात फुटतात. बॉयलर उकळत्या किटलीसारखा गुरगुरायला लागतो तो यामुळे. वेळीच ऐकलं तर रसायनाने थर काढता येतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर धातूला तडा जातो किंवा बारीक भोक पडतं. मग मात्र मी वाद घालत बसणार नाही. मुख्य एक्स्चेंजर फुटला आणि हमीची मुदत संपलेली असेल, तर तो सुटा विकत घेऊन बसवण्याचा खर्च नव्या यंत्राच्या इतका जवळ जातो की बॉयलर बदललेलाच बरा. सुटे भाग मिळणं बंद झालेल्या यंत्राचंही तेच.

बाकीचे भाग हातापायांसारखे. मोडले तर बसवता येतात, आणि कोणता मोडलाय ते लक्षणांवरून बरंच कळतं. नळाचं पाणी गरम, गार, पुन्हा गरम असं येतंय पण खोल्या व्यवस्थित तापतायत? छोटा एक्स्चेंजर तुंबला असेल. फक्त अंघोळीचा नळ सोडलाय आणि रेडिएटरही कोमट होतायत? दिशा बदलणारी झडप पूर्ण मिटत नाही. माझा सगळ्यात आवडता बिघाड मात्र निराळाच आहे: बर्नर पेटतो, दोन-चार सेकंद जळतो आणि विझतो, पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो, आणि मग यंत्र लाल दिवा लावून हटून बसतं. पाहणाऱ्याला वाटतं शेवटची घरघर लागली. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह जाऊ शकतो, काही मायक्रोअँपिअर इतकाच. ज्योतीत बुडालेली एक धातूची काडी तो प्रवाह टिपते आणि सर्किट बोर्डाला सांगते, 'आग आहे, गॅस चालू ठेव.' काडीवर ऑक्साइडचं पुट चढलं की प्रवाह अडतो. समोर ढणढणीत आग असूनही बोर्डाला ती दिसत नाही आणि तो सुरक्षेसाठी गॅस तोडतो. काडी घासली किंवा बदलली की बॉयलर पूर्ववत. अर्थात बर्नरचं झाकण उघडणं हे परवानाधारक तंत्रज्ञाचंच काम. घरच्या माणसाने गॅसच्या बाजूला हात घालू नये.

एका बाबतीत थांबून विचार करायचा नसतो. निळी ज्योत पिवळी पडलीय, बॉयलरभोवती काजळी दिसतेय, घरात असताना डोकं दुखतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, असं असेल तर बॉयलर बंद, खिडक्या उघड्या आणि सगळे बाहेर. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गंमत म्हणजे इथेही नवा बॉयलर लागेलच असं नाही, धूरनळी तुंबली असेल किंवा बर्नर घाण झाला असेल. पण तपासणी होईपर्यंत तो पेटवायचा नाही.

नवं यंत्र घ्यायला सुचवणारे शेवटी कार्यक्षमतेवर येतात. इथे थोडं विज्ञान आणि थोडी अंकगणिताची सावधगिरी लागते. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. १ किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, तेही वाफेच्या रूपात. पाण्याची वाफ करताना उष्णता खर्च होते पण तापमान वाढत नाही, ती उष्णता वाफेत दडून राहते. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात ग्लासगोमध्ये हे दाखवलं. शाळेत आपण तिला अप्रकट उष्मा म्हणून शिकतो. जुन्या बॉयलरांमध्ये गॅसच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण दहावा हिस्सा या वाफेबरोबर धूरनळीतून निघून जायचा. आताचे कंडेन्सिंग बॉयलर धूर इतका थंड करतात की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि तो हिस्सा परत मिळतो. ते पाणी आम्लधर्मी असतं, म्हणून यांचे एक्स्चेंजर स्टेनलेस स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे.

(काही माहितीपत्रकांत १०५ टक्के कार्यक्षमता छापलेली दिसते. त्यात चमत्कार नाही. वाफेतली उष्णता छेदात धरायची नाही आणि अंशात मात्र मोजायची, असा तो हिशेब.)

बचतीचं गणित असं. जुना बॉयलर ७० टक्के कार्यक्षम आणि नवा ९० टक्के असेल, तर तेवढ्याच उबेसाठी गॅस सुमारे २२ टक्के कमी लागेल. पण जुना बॉयलर आधीच ८६ टक्क्यांचा असेल आणि नवा ९२ चा, तर बचत जेमतेम साडेसहा टक्के. आपल्या वार्षिक गॅसबिलाला त्या टक्क्यांनी गुणा आणि नव्या यंत्राची किंमत त्याने भागा. किती वर्षांत पैसे वसूल होतात ते कळेल. दुसऱ्या उदाहरणात तो आकडा पुष्कळदा नव्या बॉयलरच्या आयुष्याहून मोठा निघतो. या गणितात मागच्या वर्षी केलेल्या दुरुस्तीचा खर्च घालायचा नाही. "एवढे घातलेत, आता कसा टाकू" हा विचार माणसाला स्वाभाविक वाटतो, पण ते पैसे दुरुस्त केलं तरी गेले आणि बदललं तरी गेलेच.

आणि ते ९२ टक्के मिळतात तरी केव्हा? मिथेनच्या धुराचं दवबिंदू तापमान साधारण ५५ अंशांच्या आसपास असतं. रेडिएटरांतून फिरून परत येणारं पाणी त्याहून गार असेल तरच वाफ निवते. बसवणाऱ्याने पाणी ८० अंशांवर सोडून ठेवलं आणि ते ६५ वर परत आलं, तर कंडेन्सिंग हा शब्द फक्त डब्यावर. उलट तुमच्याकडे सध्या असलेला बॉयलर कंडेन्सिंग असेल, तर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान खाली आणणं ही फुकटची सुधारणा आहे. दोन अपवाद लक्षात ठेवावेत. टाकीत साठवलेलं अंघोळीचं पाणी ६० अंशांखाली ठेवू नये, त्यात लिजिओनेला नावाचे रोगकारक जिवाणू वाढतात. आणि जुन्या, कंडेन्सिंग नसलेल्या बॉयलरमध्ये परतीचं पाणी फार गार ठेवलं तर तेच आम्लधर्मी पाणी त्याचा धातू खाऊन टाकतं.

म्हणून बिघाड हातापायांपुरता असेल तर मी दुरुस्ती करून हिवाळा काढीन, आणि त्या हिवाळ्यात दोन मोजमापं करीन. एक, सर्वांत थंड दिवशी खोल्या तापवण्यात किती गॅस जळला. २४ किलोवॉटचा बॉयलर दिवसभरात मिळून पूर्ण ताकदीने ८ तास चालल्याइतका गॅस गेला असेल, तर घराची गरज सरासरी ८ किलोवॉटची आहे आणि पुढचं यंत्र तितकं मोठं लागत नाही. दोन, बॉयलर कंडेन्सिंग असेल तर त्याच कडाक्याच्या थंडीत रेडिएटरचं पाणी ५० ते ५५ अंशांवर ठेवून पाहायचं. खोल्या पुरेशा उबदार राहिल्या, तर बाहेरची ऊब विजेच्या जोरावर आत खेचणारा, एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता आणणारा हीट पंपही त्या घरात चालू शकतो, कारण त्याला असंच कमी तापमानाचं पाणी मानवतं. मग प्रश्न जुना बॉयलर की नवा बॉयलर एवढाच राहत नाही. खोल्या गार पडल्या, तर कोणत्या खोलीचा रेडिएटर लहान आहे आणि कोणत्या खिडकीतून ऊब निसटते, ते उन्हाळ्यापर्यंत शोधून काढता येतं.