कोरड्या मिठातून करंट का जात नाही?

शाळेत आपण पाठ करतो की धातू सुवाहक आणि काच, प्लास्टिक, लाकूड दुर्वाहक, पण मग मीठ कुठल्या यादीत टाकायचं? कोरड्या मिठाच्या खड्याला बॅटरी आणि छोटा बल्ब जोडा, बल्ब लागत नाही. तेच मीठ भरपूर प्रमाणात पाण्यात विरघळवा, लागतो. आणि पाण्याचा थेंबही न घालता मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळवलं तरी त्यातून करंट जातो!

खड्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन (आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेले कण) आधीपासून असतातच, म्हणजे प्रभाराची कमी नाही, पण ते एकमेकांच्या ओढीने आपापल्या जागी इतके घट्ट बसलेले असतात की बॅटरीने कितीही ओढलं तरी जागचे हलत नाहीत. पाणी त्यांना सुटं करतं, उष्णताही करते, आणि मग धन आयन एका टोकाकडे, ऋण दुसऱ्या टोकाकडे निघतात. हेच तर वीज वाहणं.

साखर पण छान विरघळते की, पण तिचे रेणू पाण्यात अख्खेच राहतात, आयन होत नाहीत, म्हणून साखरेच्या पाण्यात बल्ब लागत नाही. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल मधलंच, 0.1 मोलर (लिटरमागे साधारण 6 ग्रॅम आम्ल) द्रावणात 100 रेणूंमागे जेमतेम एखादाच फुटून आयन होतात.

आयन करंटमुळे तयार होत नाहीत, विरघळतानाच सुटे होतात, हा विचार स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनिअसचा. 1884 मधल्या त्याच्या प्रबंधाला परीक्षकांनी अगदी कमी श्रेणी दिली होती आणि 1903 मध्ये त्याच कामाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, मला हा किस्सा फार आवडतो.

धातूंमध्ये मात्र आयन जागेवरच राहतात, फिरतात ते इलेक्ट्रॉन. ग्रॅफाइटमध्ये पण तसंच, प्रत्येक कार्बन तीनच शेजाऱ्यांशी बांधलेला असतो आणि त्याचा चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो, हिऱ्यात चारही अडकलेले म्हणून हिरा दुर्वाहक. आणि गंमत बघा, तांब्याची तार तापवली की अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉनना अडथळा वाढतो आणि करंट कमी होतो, मिठाचं पाणी तापवलं तर उलट पाणी पातळ होतं, आयन भराभर सरकतात आणि करंट वाढतो.