ड्रॉइंग एकाचं, भट्टी दुसऱ्याची

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ‘फाउंड्री’ म्हटलं की वाळूचे साचे आणि लोखंडाचा रस डोळ्यांपुढे येतो. चिपच्या धंद्यातही दुसऱ्याच्या डिझाइनवरून चिप बनवून देणाऱ्या कारखान्याला हाच शब्द चालतो आणि कामाची वाटणीही बरीचशी आपल्यासारखीच असते. ड्रॉइंग पार्टीचं, पॅटर्न करणारा वेगळा, ओतकाम शिरोलीत. बीडाचं कास्टिंग गार होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. नुसतं ड्रॉइंग हातात आलं म्हणजे माल तयार होत नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. अमेरिकेने निर्बंध घातलेल्या चीनच्या हुआवेई या फोन कंपनीच्या बाबतीत मात्र बरीच चर्चा ड्रॉइंगपाशीच अडकली.

ते ड्रॉइंग आर्मचं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा पहिला आर्म प्रोसेसर १९८५ मध्ये चालू झाला. १९९० मध्ये एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली. चिप न बनवता डिझाइनचा परवाना द्यायचा आणि रॉयल्टी घ्यायची, यावर ती वाढली. परवान्याचे मुख्य प्रकार दोन. एकात तयार कोअर, म्हणजे आज्ञा पाळणारा प्रोसेसरचा गाभा, मिळतो, तो चिपमध्ये बसवायचा. दुसऱ्यात मिळते फक्त प्रोसेसरच्या आज्ञांची भाषा. कोअर आपला आपण घडवायचा. हुआवेईच्या हायसिलिकॉन या चिप डिझाइन करणाऱ्या उपकंपनीकडे दोन्ही होते, पण फोनमधल्या किरिन चिपसाठी ती तयार कोअरच घेत असे. ओतकाम तैवानच्या टीएसएमसीकडे.

मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन हुआवेईला ‘एंटिटी लिस्ट’मध्ये, म्हणजे परवान्याशिवाय अमेरिकी माल द्यायचा नाही अशांच्या यादीत, टाकलं. आर्मने कर्मचाऱ्यांना तिच्याशी व्यवहार थांबवायला सांगितल्याची बातमी बीबीसीने आठवड्याभरातच दिली. आर्म कंपनी ब्रिटिश, मालक जपानची सॉफ्टबँक. मग अमेरिकेचा काय संबंध? किरिन ९८० मधला कॉर्टेक्स-ए७६ कोअर टेक्सासमधल्या ऑस्टिनला घडला होता. परदेशी मालात अमेरिकी हिस्सा साधारणपणे २५ टक्क्यांच्या वर गेला की तिथला निर्यात कायदा लागू होतो. (ड्रॉइंगमधल्या कुठल्या रेघा ऑस्टिनच्या आणि कुठल्या केंब्रिजच्या, हे मोजताना वकिलांची दिवाळी झाली असणार.) ऑक्टोबरमध्ये आर्मने जाहीर केलं की आज्ञांच्या भाषेची व्ही८ आवृत्ती आणि तिच्या पुढची मूळ ब्रिटिश आहे, पुरवठा चालू राहील. पहिली बातमी लोकांच्या लक्षात राहिली, ही फारशी नाही.

खरा घाव पुढच्या वर्षी बसला, तोही भट्टीवर. मे २०२० मध्ये नियम बदलला, ऑगस्टमध्ये आणखी आवळला. अमेरिकी सॉफ्टवेअर किंवा यंत्रं वापरून जगात कुठेही हुआवेईसाठी चिप बनवायची, तर अमेरिकेचा परवाना लागणार. त्या यंत्रांवाचून चालणारी अद्ययावत चिप फाउंड्री होती कुठे? टीएसएमसीने सप्टेंबरच्या मध्यापासून माल थांबवला. ५ नॅनोमीटरची (हा आकडा जितका लहान, तितकं तंत्र पुढचं) किरिन ९००० साठ्यात होती तोवर पुरली. नोव्हेंबरात हुआवेईने ऑनर हा आपला फोनचा ब्रँड विकून टाकला.

ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवेईचा मेट ६० प्रो हा फोन बाजारात आला. आतली किरिन ९०००एस चीनच्याच एसएमआयसी या फाउंड्रीने ७ नॅनोमीटरवर बनवलेली. मोठे कोअर हुआवेईने स्वतः घडवलेले, भाषा आर्मचीच. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपलचा आयफोन १५ प्रो आला, त्यात टीएसएमसीची ३ नॅनोमीटरची चिप होती.